ताईत खाली ठेवायचा नसतो

त्या पट्ट्याला ताईत हे नाव मी दिलं. कंपनीनं खोक्यावर 'रक्तबिंबिका आसंजन-मापक पट्टा' असं छापलं होतं. ते वाचून दाखवलं की पेशंटचा चेहरा असा व्हायचा, जणू मी त्याच्यावर खटलाच भरलाय. दोन-तीन जण तर उठून घरी गेले. मग एका म्हातारीला मी म्हटलं, "आजी, ताईत समजा आणि बांधून घ्या." आजींनी मुकाट्यानं दंड पुढे केला. त्या दिवसापासून अख्ख्या मिरजेत तो ताईतच झाला. मला त्याचा कोण अभिमान! यंत्र परदेशात जन्मलं, पण बारसं आवळे सिस्टरनं केलं, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. त्या बारशानं एक दिवस माझी झोप उडवली, ती ही हकीकत.

मी सलोमी आवळे. मिरजेतल्या एका हॉस्पिटलात एंडोस्कोपीच्या खोलीत एकतीस वर्षं झाली मला. तोंडातून किंवा खालून दुर्बीण घालून पोट-आतडी बघायची ती खोली. दुर्बिणी धुण्यापासून पेशंटचा हात धरण्यापर्यंत सगळं मी केलंय, आणि माझ्यासमोर पाच डॉक्टर शिकून मोठे झालेत. सध्याच्या डॉक्टर तेरदाळे मॅडम. वयानं माझ्या मुलीएवढ्या, हात सोन्याचा, आणि नव्या यंत्रावर जीव. जीव माझाही होता. म्हातारी सिस्टर म्हटली की ती यंत्रांना नाकं मुरडणारच असं लोकांना वाटतं. अजिबात नाही. यंत्राआधीचे दिवस मी पाहिलेत, म्हणून तर मला त्याची किंमत.

लोक म्हणतात, 'रक्त पातळ करायची गोळी'. रक्त काही पातळ होत नसतं, ते काय ताक आहे? रक्तात प्लेटलेट नावाचे बारीक कण असतात, पुस्तकात त्यांनाच बिंबिका म्हणतात. कुठं कापलं की हे कण धावत येतात, एकमेकांना चिकटतात आणि भोक बुजवतात. ही गोळी त्यांचा चिकटपणा काढून घेते. ज्याच्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसवलाय त्याला ती हवीच, कारण स्टेंट म्हणजे शेवटी परका धातू. त्याच्यावर कण चिकटत गेले की नळी बंद, आणि माणूस गेला. पण त्याच माणसाच्या आतड्यात मांसाचा कोंब उगवला आणि तो दुर्बिणीतून कापायची वेळ आली, की हीच गोळी वैरीण होते. कापलेली जागा बुजतच नाही.

पूर्वी आम्ही काय करायचो? पाच दिवस गोळी बंद. प्लेटलेटचं आयुष्य आठ-दहा दिवसांचं. रोज दहावा हिस्सा नवे कण येतात, म्हणजे पाच दिवसांत निम्मे कण गोळी न लागलेले. हिशेब छान होता, पण शरीर हिशेबानं वागत नाही. एकच गोळी एकाला भरपूर लागते, दुसऱ्याला लागतच नाही. एका शिक्षकांचं रक्त टेबलावर थांबेना, पहाटेपर्यंत आम्ही झगडलो आणि हरलो. आणि एक बाई, आमच्याच सांगण्यावरून गोळी बंद केलेली, चौथ्या दिवशी दळणाचा डबा उचलताना कोसळली. दोघांची नावं मला अजून पाठ आहेत.

आणि मग आला पट्टा. आतल्या बाजूला केसाहून बारीक सुया. दर पंधरा मिनिटांनी तो टाचणीच्या टोकाएवढं रक्त घेतो, आतल्या इवल्याशा नळीत सोडतो आणि ती नळी किती वेळात बुजते ते मोजतो. शिवाय हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवतो. आकडा शून्य ते शंभर, नळी जेवढी लवकर बुजेल तेवढा मोठा. तिसाच्या खाली म्हणजे कापू नका, साठाच्या वर म्हणजे स्टेंटला धोका. चाळीस ते पन्नास ही खिडकी. कापलं तरी रक्त थांबेल आणि नळीही उघडी राहील. चौदा दिवस पट्टा बांधला की संगणक त्या माणसाचं रक्त ओळखीचं करून घेतो आणि सांगतो, गोळी एवढी द्या, अमक्या दिवशी अमक्या तासाला कापा. गोळी बंद करायचं नावच नाही. दीड वर्षात आमच्या टेबलावर एकाचंही रक्त हाताबाहेर गेलं नव्हतं, आणि गोळी थांबवली म्हणून घरी कुणी दगावलं नव्हतं. मी त्या पट्ट्याला हार घालायचीच बाकी होते.

अट एकच. चौदा दिवस तो सलग दंडावर हवा. अर्ध्या तासाहून जास्त रिकामा राहिला की मोजणी पहिल्यापासून, आणि तारीख पुढं.

इमामभाई शिकलगार आमच्याकडं आले तेव्हा त्यांना तारीख पुढं जाणं परवडणारं नव्हतं. चौसष्ट वर्षांचे, सतारी बनवणारे. चार महिन्यांपूर्वी स्टेंट बसलेला, दोन गोळ्या चालू. आणि आतड्यात उजवीकडं आठ आण्याच्या नाण्याहून मोठा सपाट कोंब. त्याचा तुकडा तपासला तर पेशी वळण बदलायला लागल्या होत्या. कॅन्सर झाला नव्हता, पण त्या वाटेला लागला होता. हृदयाचे डॉक्टर म्हणत होते, वर्षभर गोळ्यांना हात लावू नका. तेरदाळे मॅडम म्हणत होत्या, वर्षभर हा कोंब थांबणार नाही. असा माणूस पूर्वी आला असता तर आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो असतो. आता ताईत होता.

मी बांधला. इमामभाईंनी दंड कानाजवळ नेला आणि विचारलं, हा गुणगुणतो का. मी म्हटलं, छे, मुका आहे तो. ते म्हणाले, थांबा, बोलेल. पंधरा मिनिटं आम्ही कागद भरत बसलो आणि मग त्यांनी बोट वर केलं. मी कान लावला. आतला पंप रक्त ओढताना खरंच बारीक आवाज करत होता. दीड वर्षात मला तो कधी ऐकू आला नव्हता.

"षड्जाच्या जरा खाली आहे," इमामभाई म्हणाले. "खटकतं."

मी हसले. माझं पहिलं चुकलं ते तिथं. जो माणूस दिवसभर सतारीची जवारी काढतो, त्याच्या दंडावर मी बेसूर गुणगुणणारं यंत्र बांधत होते. जवारी म्हणजे काय, तर तारा ज्यावर टेकतात त्या हाडाच्या घोडीचा माथा कानशीनं घासायचा. एक घास, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा एक घास. सूर उघडेपर्यंत. हे काम हातापेक्षा कानाचं. त्यांना मी विचारायला हवं होतं की मग तुम्ही काम कसं करणार. नाही विचारलं.

त्यांच्या बरोबर जुलेखाभाभी होत्या, त्यांची बायको. लहानखुरी बाई, हातात कागदांची पिशवी, तोंडातून शब्द नाही. सगळं समजावून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, हा नुसता बांधलेला राहिला पाहिजे ना. मी म्हटलं, हो भाभी, घटकाभरही रिकामा नको, नाहीतर सगळं पहिल्यापासून. त्यांनी मान डोलावली. अशी मान डोलावणारी बाई म्हणजे काम चोख होणार, हे मी अनुभवानं सांगते. आणि झालंही चोखच.

नवव्या दिवशी मॅडमनी मला पडद्यासमोर बोलावलं. इमामभाईंचा आलेख म्हणजे डोंगर-दरी होती. झोपेच्या वेळी आकडा पस्तीस, अगदी गुणी. सकाळी नऊ वाजले की सरळ ऐंशी. संध्याकाळपर्यंत ऐंशी, मग पुन्हा पस्तीस. रोज असंच. संगणकाचं म्हणणं, या माणसाला गोळी दिवसा लागूच होत नाही, असा रुग्ण लाखात एखादा. त्यात भर म्हणून रोज दोनदा लाल इशारा: हृदयाला रक्त कमी पडतंय. एकदा अकराच्या सुमाराला, एकदा चारच्या.

इमामभाईंना बोलावलं, हृदयाच्या डॉक्टरांनी तपासलं, ईसीजीत काही सापडलं नाही. छातीत दुखतं का? नाही. दम लागतो का? नाही. मॅडम मला हळूच म्हणाल्या, कारागीर माणसं अशीच, दुखलं तरी सांगायची नाहीत. आणि मीही हो ला हो केलं. ऐंशी आकडा आणि वर लाल इशारे, म्हणजे स्टेंट केव्हाही बंद पडेल. म्हणून गोळी बदलली. नवी जबरदस्त, दिवसातून दोनदा घ्यायची. मॅडम तर या लाखातल्या एका माणसावर लेख लिहायच्या बेतात होत्या, मथळाही ठरला होता.

त्या दिवशी लिफ्ट बंद होती. जुलेखाभाभी दोन मजले चढून आल्या आणि बाकावर बसून त्यांनी छातीवर हात ठेवला. मी विचारलं तर म्हणाल्या, गॅस आहे. मी त्यांना ओवा खायला सांगितला. एकतीस वर्षांची सिस्टर, आणि सांगते काय, तर ओवा.

कापायचा दिवस आला. नव्या गोळीनं झोपेतला आकडा बारावर उतरला होता, दिवसाचा मात्र ऐंशीच्या आसपासून हलायला तयार नव्हता. संगणकाचा सल्ला: भर दिवसा कापा, रक्त लगेच थांबेल, पण स्टेंटसाठी सकाळची गोळी चुकवू नका. इमामभाईंनी गोळी घेतली होती. साडेदहाला त्यांना आत घेतलं. कापताना वीज वापरतात, अंगावर कसलंही यंत्र चालत नाही, म्हणून मी ताईत सोडवला आणि पडदा बघितला. शेवटचा आकडा अठ्ठ्याहत्तर. मॅडमनी हातमोजे चढवले.

आदला सगळा दिवस जुलाबाचं औषध घेतलेलं, त्यामुळं माणूस वाळून गेला होता. शिर काही सापडेना. पहिली सुई फुकट गेली, दुसऱ्या हाताला सलाईन लागलं. फुकट गेलेल्या जागेवर मी कापूस दाबला. आता माझी एक जुनी सवय. कापूस दाबला की मी घड्याळ बघत नाही, मनात प्रभूची प्रार्थना म्हणते. साध्या माणसाचं रक्त दोन प्रार्थनांत थांबतं. गोळीवाल्यांना चार लागतात. ज्याचा आकडा अठ्ठ्याहत्तर, त्याचं एकीतच थांबायला हवं. चौथीनंतर मी कापूस उचलला. लाल थेंब तयार. पाचवी म्हटली, सहावी म्हटली. पुन्हा थेंब.

मॅडमनी दुर्बीण हातात घेतली होती. भूल देणारे डॉक्टर माझ्याकडं बघत होते की ही बाई बाजूला का होत नाही. पडदा म्हणत होता अठ्ठ्याहत्तर. दीड वर्ष या यंत्रानं एकदाही चूक केली नव्हती, आणि मी किती चुका केल्यात ते माझं मला माहीत. पण टेबलावरचे ते शिक्षक आठवले.

"मॅडम, थांबा," मी म्हटलं. "याचं रक्त थांबत नाहीये."

मॅडमनी पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, सिस्टर, कापूस बाजूला ठेवा आणि आपलं काम करा. मला तसं ऐकवलेले दोन डॉक्टर आहेत, आज मोठमोठ्या ठिकाणी आहेत ते.

"गोळीवाल्यांना किती प्रार्थना लागतात?" मॅडमनी विचारलं.

"चार."

"आणि आत्ता?"

"सातवी चालू आहे."

त्यांनी दुर्बीण खाली ठेवली. ताईत परत बांधायला सांगितला. पंधरा मिनिटं आम्ही सगळे उभे, इमामभाई म्हणाले की उपाशी माणसाला असं ताटकळत ठेवायचं असेल तर निदान चहा तरी पाजा. मग तो बारीक आवाज झाला. तेवढ्या शांततेत मलासुद्धा ऐकू आला. पडद्यावर आकडा उमटला. अकरा.

अकरा म्हणजे रक्त थांबायचा प्रश्नच नाही. तो नाण्याएवढा कोंब मॅडमनी कापला असता तर खालच्या शिरा उघड्या पडल्या असत्या आणि आम्ही हात चोळत बसलो असतो. मॅडम स्टुलावर बसल्या. घोटभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, मग ते अठ्ठ्याहत्तर कुणाचे?

मी बाहेर गेले. जुलेखाभाभी बाकावर बसल्या होत्या, कागदांची पिशवी मांडीवर. मी त्यांच्या शेजारी बसले आणि काही न विचारता त्यांची बाही वर सारली. दंडावर चौकोनी वळ होता आणि त्याच्या आत बारीक बारीक लाल ठिपके, पुळ्या उठाव्यात तसे.

"भाभी, ताईत तुम्ही बांधत होतात?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की यात विचारण्यासारखं काय आहे. "त्याच्या आवाजात यांना जवारी ऐकू येईना. काम करताना काढून ठेवायचे. तुम्हीच सांगितलं होतं, रिकामा ठेवू नका. आणि ताईत काय खाली ठेवायचा असतो? मग मी बांधला. काल तर दिवसभर यांचं संडासला जाणं-येणं. ताईत घेऊन तिथं जात नाहीत. म्हणून काल पूर्ण वेळ माझ्याच हाताला होता, आज आत घ्यायला नाव पुकारलं तेव्हा दारातच यांना दिला." मग बाही खाली ओढत त्या म्हणाल्या, "एक मिनिट रिकामा राहिला नाही, सिस्टर."

अगदी खरं होतं ते. चौदा दिवस, एक मिनिट नाही. ताईत समजा, असं सांगितलं कुणी? मी. ताईत समजल्यावर माणूस जसा वागतो तशी ती बाई वागली. दहा शिकलेल्या पेशंटांपैकी आठ जण पट्टा काढून ठेवतात आणि विसरतात. या बाईनं माझा शब्द न् शब्द पाळला होता, आणि त्या पाळण्यापायी तिचा नवरा टेबलावर मरता मरता राहिला होता. तोवर आलेल्या पट्ट्यांना हात कुणाचा ते ओळखता येत नव्हतं. पहिल्या दिवशी नाव घातलं की झालं, पुढं कातडी गरम आहे आणि नाडी चालू आहे एवढंच तो बघायचा.

मी आत जाऊन मॅडमना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. झरझर काहीतरी टाईप करत गेल्या. संगणकाला त्यांनी सांगितलं, हा एक माणूस नाही, दोन आहेत, नाडीच्या चालीवरून वेगळे कर. आणि तो डोंगर-दरीचा आलेख दोन रेघांमध्ये फुटला. एक निळी, एक तांबडी. निळी रेघ इमामभाईंची. जुन्या गोळीवर पस्तीस, म्हणजे गोळी त्यांना आधीपासूनच छान लागत होती. लाखात एक वगैरे काही नाही, साधा सरळ गुणी पेशंट. आम्हीच त्यांना जबरदस्त गोळी देऊन अकरावर आणून ठेवलं होतं.

तांबडी रेघ ऐंशीची. मॅडम ती बघत राहिल्या. मीही बघत होते, आणि दोघींच्या मनात एकाच वेळी तेच आलं, कारण आम्ही एकदमच वळलो.

ते लाल इशारे तांबड्या रेघेवर होते. सगळेच्या सगळे. अकरा वाजता आणि चार वाजता. इमामभाईंचा कारखाना माडीवर, सतरा पायऱ्यांचा उभा लाकडी जिना, आणि अकराला नि चारला भाभी त्यांना चहा घेऊन जायच्या. हृदयाला रक्त कमी पडतंय, असं ते यंत्र रोज दोनदा ओरडून सांगत होतं. आम्ही ते ऐकलं, धावपळ केली, डॉक्टर बोलावले, गोळी बदलली. फक्त ज्या बाईबद्दल ते सांगत होतं ती बाकावर बसली होती, आणि तिला मी ओवा दिला होता.

मी पळतच बाहेर गेले. या वयात, त्या फरशीवर. भाभींना मी चाकाच्या खुर्चीत बसवलं तेव्हा त्या म्हणत होत्या की पेशंट मी नाही, पेशंट आत आहे. दुपारी त्यांची अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या मुख्य नळीला नव्वद टक्के अडथळा. हृदयाचे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, आठ-दहा दिवस मिळाले असते की नाही सांगता येत नाही. संध्याकाळच्या आत स्टेंट बसला. भाभींनी जन्मात कधी स्वतःचं रक्त तपासून घेतलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, मला काय झालंय?

इमामभाईंना हे सांगायचं काम माझ्यावर आलं. ते पलंगावर बसले होते, एक हात दाबून धरलेला, कारण ती सुईची जागा अजून पाझरत होती. मी सगळं सांगितलं. माझं ताईत म्हणणं, भाभींचं बांधणं, जिना, चहा, ओवा. काही लपवलं नाही. मला वाटलं, आता हा माणूस माझ्यावर तोंड सोडणार, आणि सोडलं तर बरं होईल.

"त्या पट्ट्याचा आवाज मला ऐकू आला," ते म्हणाले. "हाडावर केसाएवढा खड्डा पडला तरी ऐकू येतो. आणि ती जिन्यात धापा टाकत होती, ते चौतीस वर्षांच्या संसारात ऐकलं नाही."

एवढा मोठा माणूस ढसाढसा रडला. मी त्यांचा हात धरून बसले. एकतीस वर्षांत पुष्कळांचे हात धरलेत, पण त्या दिवशी कोण कुणाला धीर देत होतं ते सांगता येणार नाही.

पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलची बैठक झाली. मी उठून ताईताचं सांगणार तेवढ्यात मॅडम उभ्या राहिल्या. आकडा चमत्कारिक होता, म्हणाल्या, आणि चमत्काराच्या मोहात मी माणूस तपासायचाच विसरले, चूक माझी. मग त्यांनी भर सभेत सांगितलं की यापुढं टेबलावरच्या प्रत्येक माणसाचा आकडा तर बघायचाच, शिवाय आवळे सिस्टर कापूस दाबतील आणि त्या मान हलवतील तेव्हाच दुर्बीण उचलायची. लेख त्यांनी लिहिला, पण तो लाखात एका रुग्णावर नव्हता. तो कंपनीला गेला. चार महिन्यांत नवे पट्टे आले. ते पहिल्या दिवशी नाडीची चाल शिकून घेतात, दुसऱ्याच्या दंडावर बांधले की लगेच कुरकुर करतात. पंपही बदलला. मी पहिला नवा पट्टा इमामभाईंना ऐकायला दिला होता. ते पंधरा मिनिटं कान लावून बसले आणि म्हणाले, आता गप्प आहे, चालेल.

पण ते पुढचं. इमामभाईंचा कोंब तोवर थांबणार नव्हता. भाभी घरी जाऊन पाय मोकळे करायला लागल्या, तसा मी इमामभाईंना जुनाच पट्टा पुन्हा बांधला, जुन्या गोळीवर. या खेपेला चौदा दिवस त्यांनी कानशीला हातच लावला नाही. एका मोठ्या वादकाची सतार अर्धवट पडून होती. निरोपावर निरोप येत होते. इमामभाईंनी कळवलं, ताईत सुटला की सूर लावतो. कारखान्यातलं सगळं सामान मात्र त्यांनी त्या चौदा दिवसांत माडीवरून खाली आणलं. भाभींच्या स्वयंपाकघराला लागून बसायला लागले. भाभी म्हणायच्या, दिवसभर समोर बसून माझा श्वास मोजतात, जीव नकोसा केलाय.

संगणकानं गोळीचं माप जरासं उतरवलं होतं, पंधराव्या दिवशी आकडा चव्वेचाळीस, बरोबर खिडकीत. ताईत मी सोडवला, आणि विजेची तार लावायच्या आधी बाहेर नेऊन, कापल्यावरही दोन दिवस बांधायचाय असं सांगून, भाभींच्या हातात दिला. आत येऊन सुई लावली, जास्तीची एक टोचली, कापूस दाबला. एक, दोन, तीन, चार. कापूस उचलला. जागा कोरडी.

मी मान हलवली. मॅडमनी दुर्बीण घातली. तो कोंब त्यांनी कडेकडेनं असा सोडवत आणला, की मी एकतीस वर्षांत इतकं निगुतीचं काम पाहिलेलं नाही. एका जागी रक्ताची चिळकांडी आली. मी मनात प्रार्थना सुरू केली. तिसरीच्या मध्यावर ते आपोआप मंदावलं, चौथीला थांबलं. मॅडमनी वरून चिमटे बसवले. दीड तासानं कोंब बाटलीत होता. पुढं तपासात निघालं, पेशी कडेपर्यंत पोचल्या नव्हत्या, सगळा आला होता.

मी बाहेर आले सांगायला. जुलेखाभाभी त्याच बाकावर बसल्या होत्या. त्यांच्या एका दंडावर त्यांचा स्वतःचा ताईत होता, नव्या स्टेंटसाठी गोळी किती द्यायची ते ठरवायला आठवड्यापूर्वी मीच बांधलेला. इमामभाईंचा ताईत दुसऱ्या हाताच्या मुठीत, आणि ती मूठ गुडघ्यावर टेकवून त्यांनी वर धरलेली. बोटं पांढरी पडली होती. दीड तास त्या तशाच बसल्या होत्या.

"भाभी, बाकावर ठेवायचा की," मी म्हटलं.

"खाली ठेवायचा नसतो," त्या म्हणाल्या. मग मूठ माझ्यासमोर उघडली आणि गडबडीनं म्हणाल्या, "पण बांधला नाही हं, सिस्टर. नुसता धरला."

मी तो त्यांच्या हातातून घेतला, त्यांची आखडलेली बोटं एकेक करून सरळ केली आणि म्हटलं, चला, ते जागे होतायत, तुमच्या हातानंच बांधा.